टाचांचं मलम

भिशीतल्या बायांनो, आज दुपारी घडलं ते लगेच लिहून काढतेय. वाचा आणि हा कागद पुढच्या घरी द्या.

मला योनीच्या तोंडाशी सतत आग होते. कैक वर्षं. नीट बसवत नाही. मागच्या महिन्यात डॉक्टरबाईंनी तिथं लावायला हार्मोनचं मलम दिलं. घरात मी सांगितलं, टाचांच्या भेगांचं आहे.

आज बघते तर ट्यूब पार चपटी. मला तर वाटाण्याएवढंच लागतं.

"आत्याबाई, मलम तुम्ही टाचांना लावलंत काय?" मी सासूबाईंना विचारलं.

त्या शेंगा फोडत होत्या. टाचा तशाच फुटलेल्या.

"टाचंला कशाला लावू?" त्या म्हणाल्या. "पाळी गेल्यापासनं माजी बी आग हुतीया की तितं."

"पण ते कशाचं मलम हाय, तुम्हाला कसं कळलं?"

"तू पाटावर एका अंगावर बसतीस. मी बी तशीच बसती न्हवं."

मला रडू आलं नाही. लाज वाटली नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. मीही शेंगा फोडायला बसले. दोघीही एका अंगावर कलून.

उद्या त्यांनाही डॉक्टरबाईंकडं नेणार आहे. बाईंचा पत्ता या कागदामागं लिहिलाय.

तुमच्या घरात कोण कशी बसते, बघितलंय कधी?

आणि हा कागद कुणी ठेवूनच घेतला, तर कुणी घेतला म्हणून मी विचारणार नाही.