टाचणीने जोडलेली दोन कार्डं

मुलांनो,

परवा तुमच्यापैकी धाकटीने मला तिच्या शाळेचा फॉर्म पाठवला. वर छापलेलं, ‘या वर्षीची माझी ध्येये’, आणि खाली तिच्या तिरप्या अक्षरात चार ओळी. सोबत निरोप होता, “आजी, इंग्रजी तपासून दे, सोमवारी द्यायचंय.” सोमवार होऊन गेला, तरी मी उत्तर दिलं नाही. थोरल्याने फोन करून विचारलं, “आजी, बरं नाही का तुला?” मला बरं आहे. फॉर्म कागदावर छापून घेतला होता, लाल पेनही हातात घेतलं होतं, मग ते पुन्हा डब्यात ठेवलं. कारण फोनवर सांगायला बसले तर मी मध्येच स्वतःची बाजू सावरून घेईन, हे मला माहीत आहे. कागदावर तसं केलं तर निदान मला दिसेल आणि खोडता येईल. म्हणून हे लिहिते आहे. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

तुम्हाला माहीत आहे की मी अकोल्याला सिस्टरांच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझं स्वतःचं शिक्षण अमरावतीला, तेही इंग्रजीत झालं. त्याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवत नसे. वह्यांना कव्हर, समासाची रेघ, तारीख उजव्या कोपऱ्यात. माझ्या वर्गात यातलं काही चुकलेलं चालत नसे.

त्या शाळेत एक रीत होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक मुलीला एक छापील कार्ड मिळायचं. त्यावर तीन प्रश्न असत. या वर्षी मी काय शिकेन? मी कशी वागेन? मी कोणाच्या उपयोगी पडेन? उत्तरं इंग्रजीत लिहायची, तीनही. भरलेली कार्डं मुख्याध्यापिका सिस्टरांकडे जात, त्या ती एकेक वाचत आणि एप्रिलमध्ये मुलींना परत देत. कोणाचं काय साधलं, काय राहिलं, हे मुलीनेच स्वतःशी पडताळून पाहायचं. शाळा नुसते मार्क मिळवून देण्यासाठी नाही, मूल घडवण्यासाठी आहे, असं सिस्टर म्हणत, आणि ते त्यांना मनापासून वाटत असे.

सिस्टर मूळच्या केरळच्या. मराठी त्या हॉस्टेलच्या स्वयंपाकीणबाईंकडून शिकल्या होत्या, त्यामुळे आम्हा शिक्षिकांपेक्षा अस्सल वऱ्हाडी बोलत. जूनच्या मीटिंगमध्ये सांगत, “पोरींले जे वाटते ते लिवू द्या. तुमी मदत नका करू.”

मी मदत करत असे. मोडक्या इंग्रजीतली कार्डं माझ्या वर्गातून वर जाणं मला सहन होत नसे. अमरावतीहून वरिष्ठ सिस्टर तपासणीला आल्या की ती फाइल पाहत, आणि माझ्या वर्गाची फाइल त्या नेहमी वाखाणत. माझी पद्धत अशी होती की आधी एक कच्चं कार्ड लिहून घ्यायचं, ते लाल शाईने सुधारायचं, मग पक्कं कार्ड उतरवून घ्यायचं. पक्कं सिस्टरांकडे जाई. त्याची एक नक्कल मी कच्च्या कार्डाला टाचणीने जोडून माझ्या कपाटात ठेवत असे. फळ्यावर चार-पाच नमुनेही लिहून देत असे. त्यामुळे माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली दर वर्षी डॉक्टर होणार असत आणि उरलेल्या आईला घरकामात मदत करणार असत.

ती वर्षं वाईट होती. वऱ्हाडाचं नाव तेव्हा रोज वर्तमानपत्रात येई, आणि कशासाठी येई हे तुम्ही मोठे झाल्यावर वाचालच. आमच्याकडे ते सकाळच्या प्रार्थनेत येत असे. सोमवारी सिस्टर एखाद्या गावाचं नाव घेत आणि सगळ्या मुली मिनिटभर डोळे मिटून उभ्या राहत. पुढे गावं इतकी झाली की त्यांनी नावं घेणं सोडलं. नुसतं “आपल्या जिल्ह्यासाठी” म्हणत.

त्या वर्षी माझ्याकडे नववीचा वर्ग होता. खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसे, अकोटहून रोज सकाळच्या पहिल्या एसटीने येणारी. तिचे वडील पिंजारी होते. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, असं त्यांचं बाजारात छोटंसं दुकान होतं. मुलगी शांत होती, अक्षर जरा गिचमिड. पहिल्या तासाला तिच्या गालावर बसच्या खिडकीच्या गजाचा वळ दिसे.

तिचं कच्चं कार्ड मी वर्गातच तपासलं. तीनही प्रश्नांखाली तिने एकच वाक्य लिहिलं होतं. मला दहावीपर्यंत याच शाळेत राहायचं आहे.

मला तो आळस वाटला. मी तिला उभं केलं.

“तीन प्रश्नांना एकच उत्तर? आणि हे काय ध्येय झालं? जे अजून मिळालेलं नाही त्याला ध्येय म्हणतात. शाळेत तर तू आहेसच.”

वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, “टीचर, ते नापास व्हाले घाबरते!”

ती मुलगी हळूच म्हणाली, “टीचर, पण मले हेच पायजे.”

“इंग्लिश प्लीज,” मी म्हणाले. वर्गात मराठी बोलायचं नाही, असा नियम होता.

तेवढं इंग्रजी तिला येत होतं, कारण ते वाक्य तिने तीनदा लिहिलं होतं. पण ती बोलली नाही. मी तीनही वाक्यांवर लाल रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, ‘पुन्हा लिही’. दुसऱ्या दिवशी तिने पक्कं कार्ड दिलं. मी माझं अक्षर सुधारेन, मी मोठ्यांचा मान ठेवेन, मी आईला मदत करेन. इंग्रजीची एकही चूक नव्हती. सगळं फळ्यावरून उतरवलेलं होतं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर आठवड्याभराने मी हजेरीपुस्तक ठेवायला ऑफिसात गेले. तिथे ती मुलगी आणि तिची आई उभ्या होत्या. आईने बुरखा डोक्यावरून मागे सारला होता आणि ती कारकुनाशी बोलत होती.

कारकून मला म्हणाला, “पाहा मॅडम, आई दाखला मांगून राहिली अन् पोरगी नको म्हणून रडून राहिली. मी कोणाचं आयकू?”

“का नेताय हिला?” मी आईला विचारलं.

“भिवंडीले जातो मॅडम. हिचे अब्बा दसऱ्यालेच गेले, त्यांच्या भावाकडे, लूमवर. इथं काय करता? लगनंच होऊन नाही राहिली कोणाच्या घरी, तं गाद्या कोण भरून घेईन? दोन साल पाह्यलं. मशीनवर धूळ बसली.”

“वर्ष तर पूर्ण होऊ द्या.”

“ठेवू कोणाकडे? अकोटची खोली सोडून राहिलो आमी. हे तं मे महिन्यापासून मांगं लागली होती. म्हने, मी माह्या टीचरले सांगतो, काही ना काही होते.” मग मुलीकडे वळून म्हणाली, “सांगतलं होतं ना तू? का तसंच रायलं?”

मुलगी म्हणाली, “सांगतलं होतं.” माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

आतून सिस्टरांनी हे ऐकलं. त्या बाहेर आल्या, फाइल मागवली आणि तिचं कार्ड काढून वाचलं. मग माझ्याकडे वळल्या. “टीचर, याच्यात तं काईच नाही. अक्षर सुधारीन म्हणते. कच्चं आहे का तुमच्याकडे?”

माझ्याकडे होतं. माझ्याकडे सगळंच नीट लावलेलं असे. मी कपाटातून जोडी काढून आणली. सिस्टरांनी टाचणी न काढता वरचं कार्ड दुमडलं आणि खालचं वाचलं. लाल रेघेतून ती वाक्यं स्वच्छ दिसत होती.

“हे काऊन खोडलं तुमी?”

मी म्हणाले, “सिस्टर, ते ध्येय नव्हतं.”

त्यांनी जोडी माझ्या हातात परत दिली. मग मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं. हॉस्टेलमध्ये दर वर्षी दोन मोफत जागा त्या राखून ठेवत. अर्ज मागवला की गरजवंत पुढे येत नाहीत, लाजतात, हा त्यांचा अनुभव होता. म्हणून त्या जून महिन्यात कार्डं वाचून मुली शोधत. त्या वर्षीच्या दोन्ही जागा जुलैतच भरल्या होत्या, दुसऱ्या वर्गांतल्या मुलींनी. माझ्या वर्गातून तितक्या वर्षांत एकही मुलगी त्यांना सापडली नव्हती. “तुमच्या वर्गात सगळं चांगलंच चालू आहे, असं मले वाटे,” त्या म्हणाल्या. त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं.

आता एक गोष्ट, जी मी तुमच्या आजोबांनाही सांगितली नाही. आमच्या घरी वरची खोली तेव्हा रिकामी होती. तुमची आई शिकायला पुण्याला गेली होती. खाट, टेबल, दिवा, सगळं जागच्या जागी होतं, आणि घरापासून शाळा चालत दहा मिनिटांवर. त्या बाई दाखल्यावर सही करत असताना मी शेजारी उभी होते. खोलीचा विचार आपल्याला त्या दोघी गेल्यावर सुचला, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. तो तेव्हाच सुचला होता. मी मनात म्हटलं, घरी विचारावं लागेल, शेजारी काय म्हणतील, तिचं जेवणखाण कसं जमायचं. एवढ्यात सही होऊन गेली.

जाताना मुलीची आई मला म्हणाली, “चलतो मॅडम. तुमची लय तारीफ करे हे.” मुलीने वाकून माझ्या पायाला हात लावला. त्यांच्या घरात तशी पद्धत नसणार. आमच्या इतर मुलींचं पाहून ती शिकली असावी. मी “गॉड ब्लेस यू” म्हणाले. त्या क्षणी मला तेवढंच बोलता आलं, आणि तेही इंग्रजीत.

पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही. भिवंडीचा पत्ता ऑफिसात लिहिलेला नव्हता, आणि अकोटला जाऊन मी विचारला नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी मी वर्तमानपत्र उघडलं आणि मग लक्षात आलं की तिचा नंबर मला कुठून माहीत असणार.

पुढच्या जूनपासून मी फळ्यावर नमुने लिहिणं बंद केलं. कार्डं मुलींनी भरायची, स्वतः पाकिटात घालायची आणि सिस्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवायची. तपासणीला आलेल्या सिस्टर म्हणाल्या, “या वर्गाचं इंग्रजी घसरलंय.” मी हो म्हटलं. निवृत्त होईपर्यंत माझ्या वर्गातल्या तीन मुली हॉस्टेलच्या त्या मोफत जागांवर गेल्या. त्यांच्यामुळे त्या अकोटच्या मुलीचं काही भरून आलं, असं मी म्हणणार नाही.

धाकटे, तुझा फॉर्म मी तपासलेला नाही. दुसऱ्या ओळीत एक स्पेलिंग चुकलं आहे आणि चौथी ओळ मला नीट कळली नाही. चौथ्या ओळीत तुला काय म्हणायचं आहे, ते मला फोनवर मराठीत सांग. स्पेलिंग राहू दे.

अकोल्याचं घर विकून आम्ही अमरावतीला आलो तेव्हा शाळेच्या बहुतेक वस्तू मी देऊन टाकल्या. ती दोन कार्डं माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहेत. टाचणी गंजली आहे, लाल शाई विटून फिकट गुलाबी झाली आहे. तिची निळी शाई अजून वाचता येते.