आत्याचं पोट

घरात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत, आणि डॉक्टरीणबाईंनी अजून एकाही पेशंटला हात लावलेला नव्हता. साथ आली, वसतिगृह घाईघाईत रिकामं झालं, जाडजूड पुस्तकं तिथल्या कपाटात अडकली आणि ज्या वर्षी वॉर्डात जाऊन माणसं तपासायला शिकायचं, ते वर्ष स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, मोबाईल डब्याला टेकवून सुरू झालं. वडील म्हणायचे, "पोहायला शिकवतायत, पण पाण्याचा पत्ता नाही." त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, पण बोलायला काय जातं.

तिला एकच धास्ती होती. कॉलेज उघडलं की प्रात्यक्षिक परीक्षा, आणि तिथे समोर खराखुरा माणूस. आजवर ती पाठांतराच्या जोरावर तरून आली होती, पण हात काही पाठांतराने शिकत नाहीत. ते कोरेच राहिले तर पदवी घेऊन करायचं काय?

सरावाला वडिलांचा उपयोग नव्हता. पोटाला बोट लागायचा अवकाश, ते हसत हसत पलंगावरून खाली यायचे. राहिली आत्या. ती घरीच शिवणकाम करायची. मास्क शिवून शिवून तिची कंबर धरली होती, त्यामुळे आडवं व्हायला निमित्त हवंच होतं. "ये, कर काय करायचं ते," म्हणून ती निवांत पडायची. "लोक मेल्यावर देहदान करतात. मी जिवंतपणीच केलंय."

पेशंटच्या उजवीकडे उभं राहून तपासायचं, हा डॉक्टरांचा पहिला नियम. पण पलंगाची ती बाजू भिंतीला चिकटलेली. उशी पलीकडच्या टोकाला न्यावी, तर आत्या म्हणे तोंडावर ऊन येतं. म्हणून डॉक्टरीणबाई डावीकडेच उभ्या राहू लागल्या. मोबाईलमधून कोणाला दिसतंय?

एका दुपारी मॅडम पोट तपासायला शिकवत होत्या. डाव्या बरगड्यांच्या खाली बोटं ठेवा, पेशंटला खोल श्वास घ्यायला सांगा, श्वासाबरोबर पाणथरी, म्हणजे प्लीहा, खाली सरकते, तिची कड बोटांना लागते... आणि रेंज गेली. मॅडम उघड्या तोंडाने थिजल्या. परत हलू लागल्या तेव्हा गाडी मूत्रपिंडांवर पोचली होती.

तिने आत्याला आडवं केलं. "श्वास घे." आत्याने घेतला, आणि काहीतरी घट्टसं हळूच येऊन तिच्या बोटांना टेकलं. तिला इतका आनंद झाला की ती आत्याच्या अंगावरच पडली. मैत्रिणींना कळवावं असं मनात आलं, पण फुशारकी कशाला, म्हणून ती गप्प बसली. वडिलांनी मात्र शेजाऱ्यांना सांगून टाकलं की पोरीच्या हाताला गुण आहे. मग रोज संध्याकाळी चहा झाला की ती कड चाचपून यायची. देवळात जाऊन आल्यासारखं बरं वाटायचं.

आत्याचं जेवण तेवढं कमी झालं होतं. "दोन घासांत पोट भरतं गं," ती म्हणायची. "हिच्यापेक्षा हिच्या मशीनला तेल जास्त लागतं," वडील चिडवायचे, आणि तिघंही हसायची.

कॉलेज उघडलं. वॉर्डात मॅडम पडद्यावरच्यापेक्षा बुटक्या निघाल्या. पहिल्याच खाटेपाशी डॉक्टरीणबाई सवयीने डावीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मॅडमनी विचारलं, "कोणाकोणाच्या घरी पलंग भिंतीला आहे?" निम्म्या वर्गाने खालमानेने हात वर केले.

ती उजवीकडे आली. बोटं ठेवली, श्वास घ्यायला सांगितलं. काहीच लागेना. पुढच्या खाटेवर तेच, त्याच्या पुढच्या खाटेवर तेच. तिला घाम फुटला. सगळी मेहनत पाण्यात गेली, आपले हात कोरेच राहिले.

"एवढं काय शोधतेस?" मॅडमनी विचारलं.

"पाणथरीची कड, मॅडम. घरी रोज लागायची."

"घरी कोणाची?"

"आत्याची."

मॅडमनी तिला खाटेपासून बाजूला घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "धडधाकट माणसाची पाणथरी बोटांना लागत नाही. वाढलेली असली तरच लागते. मी त्याच तासाला सांगितलं होतं." आणि मग, "आत्या जेवते का नीट?"

तिला आत्याचे ते दोन घास आठवले. इतके दिवस ती ज्या हातांसाठी झुरली, त्यांना काही म्हणता काही येत नसेल तर बरं, असं तिला मनापासून वाटलं. पण त्यांना येत होतं.

आत्याला दुसऱ्या दिवशी आणलं. मॅडमनी तपासलं, रक्त तपासायला दिलं. रक्ताचा आजार निघाला, संथ चालीचा. वेळेवर सापडलाय, गोळ्यांवर आटोक्यात राहील, असं मॅडम म्हणाल्या. बाहेरच्या बाकावर ती आत्याला बिलगून रडली. "रोज हात लावत होते मी. आणि खूश होत होते."

"मग? तू लावला नसतास तर कोण लावणार होतं?" आत्या म्हणाली. "तुझा बाप?"

परीक्षा झाली, ती पासही झाली. त्याचं कोणाला फारसं अप्रूप राहिलं नव्हतं. वडिलांनी मधल्या काळात पलंग ओढून खोलीच्या मध्यावर आणून ठेवला होता. येता-जाता त्यांचीच नडगी त्याच्यावर आपटायची, तरी तो त्यांनी तिथून हलवला नाही.

गोळ्या सुरू होऊन बरेच महिने झाले होते. एका संध्याकाळी आत्या पोटभर जेवली, वर आणखी भात मागून घेतला, आणि पलंगावर जाऊन पडली. डॉक्टरीणबाई उजवीकडे उभ्या राहिल्या. बोटं ठेवली.

"श्वास घे."

आत्याने घेतला. तिने पुन्हा घ्यायला लावला, आणि आणखी एकदा.

"काय गं, लागलं का काही?"

"नाही. काहीच नाही लागत."

"मग रडतेस कशाला? आणि हात काढ आधी, गार आहेत."