साताच्या पाढ्याइतकी ऊब

हिवाळा लागला की पंचफुलाबाई रोज सकाळी शिक्षकखोलीत यायच्या आणि आदल्या दिवशीचा पेपर मागून न्यायच्या. मी धाड गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला नवीन होते, बुलढाण्याहून एसटीने ये-जा करायचे. शाळेची शिपाईबाई रोज पेपर नेते म्हणजे तिला वाचनाची ओढ असणार, असे मी ठरवूनच टाकले आणि एक दिवस त्यांना पहिलीचे पुस्तक आणून दिले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले. "मॅडम, हे जाड हाये. पोटाले रुतते." मग पदर जरा बाजूला करून त्यांनी स्वेटरच्या आत घडी घालून ठेवलेला पेपर दाखवला. "थंडी आत येत नाही याच्यानं. तुमचा तो इंग्रजी पेपर असला त तो द्या, मोठा असतो."

ईशान, मीरा, तुम्ही बर्फातल्या तंबूचा फोटो पाठवलात आणि विचारलेत, आजी, तू थंडीत कधी बाहेर झोपली आहेस का? झोपले आहे. पण ती हकिगत पंचफुलाबाईंची आहे, म्हणून आधी त्या तुम्हाला दिसायला हव्यात. ठेंगण्या, नवऱ्याचा खाकी स्वेटर लुगड्यावर घातलेला, कानांवरून मफलर घेऊन डोक्यावर गाठ मारलेली. मागून पाहिले तर हलवायाने बांधून दिलेला पुडा वाटावा. घंटा मात्र मिनिटाचाही फरक न करता द्यायच्या, आणि मला वेळेची किती काळजी असते हे पाहून इतरांना सांगायच्या, "मॅडम झोपतही घड्याळ पाहूनच असतीन."

आमच्या शाळेतली मुले दर हिवाळ्यात मुक्कामी शिबिराला जायची, मुली कधीच नाही. मी दोन वर्षे मागे लागले, तेव्हा कुठे शाळा समितीने एका रात्रीची परवानगी दिली. तीही सुनंदा नावाच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या अटीवर. त्यांचे बाजारात कापडाचे दुकान होते आणि समितीत त्यांचा शब्द चालायचा. ते म्हणाले, "थंडीनं एक जरी पोरगी आजारी पडली, तर मुलींचं शिबिर पुन्हा निघणार नाही. मी स्वतः सकाळी येऊन पाहीन." मला वाटले, यात अवघड काय? मी याद्या केल्या. चोवीस मुली, चोवीस सतरंज्या, चोवीस गोधड्या. वेळापत्रकाच्या तीन प्रती काढल्या.

गावापासून दीड तासाच्या चालीवर, डोंगराच्या पायथ्याशी, पंचफुलाबाईंच्या भावाचे शेत होते. तिथे पोहोचलो. संध्याकाळी साडेपाचला, वेळापत्रकाप्रमाणे, मी मुलींकडून उघड्यावर अंथरुणे घालून घेतली. खाली सतरंजी, वर गोधडी, आणि दोरी धरून रांगा सरळ केल्या.

पंचफुलाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "मॅडम, अथरुणं आत्ताच काऊन टाकून राह्यल्या? दव पडते इथं."

"साडेपाचला अंथरुणांची तपासणी आहे. वेळापत्रकात लिहिलं आहे."

"दवाले वाचता येत नाही, मॅडम."

मी हसले आणि तपासणी केली. अंथरुणे इतकी सुरेख दिसत होती की फोटोही काढला.

जेवणे, गाणी, खेळ आटोपून नऊ वाजता झोपायला गेलो, तर चोवीसच्या चोवीस गोधड्या वरून ओल्या. पिळल्या असत्या तर पाणी निघाले असते. एक मुलगी शिंकली. ती सुनंदाच होती. मोबाइलला रेंज नव्हती, अंधारात चोवीस मुलींना चालवत परत नेणे शक्य नव्हते, आणि सकाळी कोण येणार हे मला ठाऊक होते. मी हातात बॅटरी धरून नुसती उभी राहिले.

पंचफुलाबाईंनी मला एका शब्दानेही टोचले नाही. टोचण्याची त्यांना आवड होती, तरी नाही. त्या मुलींना म्हणाल्या, "चाला पोरीहो, जमीन तापवू." नवीन लग्न झाले तेव्हा त्या नवऱ्याबरोबर हरभऱ्यात जागलीला असायच्या, रानडुकरे हाकायला, अंगावर एकच घोंगडी. ती विद्या आता बाहेर आली. गोठ्यामागे रचलेल्या तुराट्या, म्हणजे तुरीची वाळलेली झाडे, मुलींनी वाहून आणल्या. त्यांनी एक लांबलचक शेकोटी पेटवली, माणूस आडवा मावेल इतकी रुंद, आणि तास-दीड तास जळू दिली. मग निखारे पार बाजूला ओढले, विझवले आणि त्या तापलेल्या पट्ट्यावर चार बोटे कोरडी माती पसरली.

"यावर मुलींना झोपवणार?" मी विचारले. "भाजतील."

"टाच सांगते ना." त्या अनवाणी त्या मातीवर उभ्या राहिल्या. "म्हणा व पोरीहो, साताचा पाढा. पाढा होयेपर्यंत टाच टिकली, त पोरगी रातभर टिकते."

मुलींनी सुरू केले. सात चोक अठ्ठावीसला पंचफुलाबाईंनी उडी मारली. "अजून माती टाका." दुसऱ्यांदा सात आठे छप्पन्नला. तिसऱ्यांदा सात दाहे सत्तर झाले तरी त्या आरामात उभ्या होत्या. मग वर ज्वारीचा कडबा पसरला. सतरंज्या गोधड्यांखाली असल्यामुळे कोरड्या राहिल्या होत्या, त्या अंगावर घ्यायच्या. "खाली काही नको. खाली धरती हाये." चोवीस मुली एकमेकींना चिकटून झोपल्या. शेवटी मीही आडवी झाले. पाठीला अशी ऊब लागली की वेळापत्रक कुठे ठेवले तेही आठवेना.

सकाळी साडेसहाला मोटारसायकलचा आवाज आला. सुनंदाचे वडील टोपी, मफलर, हातमोजे अशा तयारीने आले होते. वेळापत्रकाप्रमाणे मुली सहाला उठायच्या होत्या, पण सगळ्या गाढ झोपलेल्या. त्यांनी सुनंदाच्या कपाळाला हात लावला. ती कुरकुरली, "पपा, झोपू द्या ना." केसांत कडबा, शिंक नाही की खोकला नाही. त्यांनी हातमोजा काढून तळहात जमिनीवर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"हे कोणाचं डोकं?"

मी तोंड उघडले होते. खरेच उघडले होते. पण पंचफुलाबाई चुलीपाशी चहा ढवळता ढवळता म्हणाल्या, "मॅडमचं. टाइमटेबलातच लिहून होतं."

"वा," ते म्हणाले. "इंग्रजी शिकलेल्या माणसाचं नियोजनच वेगळं."

आणि मी गप्प राहिले.

परतताना मी विचारले, "खोटं का बोललात?"

"मॅडमले समजत नाही असं त्याईले कळलं असतं, त पुढच्या साली कोण धाडते पोरीईले? माह्या नावानं काय होते? शिपायीन हावो मी."

मुलींचे शिबिर त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी गेले. माझ्या प्रत्येक अहवालात 'व्यवस्था उत्तम' असे आहे आणि पंचफुलाबाईंविषयी 'शिपाई उपस्थित' एवढेच. दर वर्षी मला वाटायचे, पुढच्या अहवालात दुरुस्त करू. माझ्यासारख्या नीटनेटक्या बाईने एवढी एक ओळ कशी राहू दिली, याचे उत्तर मला चांगले माहीत आहे. ते कौतुक मला आवडत होते.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. मी घरच्यांना भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या सुनेने बसायला पाट दिला आणि ती म्हणाली, "तुम्हीच ना त्या जमीन तापवाच्या मॅडम? आत्याबाई सांगे, मले मॅडमनं शिकवलं म्हणून."

घरातसुद्धा या आत्याबाईंनी, म्हणजे तिच्या सासूने, तेच सांगितले होते. मग मी पाटावर बसले आणि साडेपाचच्या तपासणीपासून सगळे सांगितले. ओल्या गोधड्या, तुराट्या, टाच, चहा ढवळत बोललेले ते वाक्य, आणि माझे गप्प राहणेही. सुनेने शेवटपर्यंत ऐकून घेतले. तिला फारसे नवल वाटलेले दिसले नाही.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "मॅडम लोकाईले कडबा कुठून मालूम."