पंप कोणी धुतला

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. आईला नाही, वसतिगृहातल्या मैत्रिणींना नाही. आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवे होते, त्यांना तर नाहीच. आज तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही अनोळखी आहात म्हणून — की आता लपवण्याचा कंटाळा आला म्हणून? दोन्ही कारणे खरी असावीत. निष्कर्ष काढण्याची घाई मी पूर्वी एकदा केली आहे. या वेळी करत नाही.

आधी त्या उन्हाळ्याविषयी. दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. मी नुकतीच रसायनशास्त्राची पदवी घेऊन भीमेच्या पलीकडच्या, दौंड तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले होते. घर अलीकडे, शिरूर तालुक्यात — न्हावऱ्याला. एस.टी.ने नदीपर्यंत यायचे आणि तिथून नावेने पार. दोन तालुक्यांना जोडणारी ती एकच रुंद, सपाट नाव; तिच्या फळ्यांवर आमची मुले, सायकली, दुधाच्या किटल्या आणि क्वचित एखादी हट्टी शेळीही उभी असे. मे महिन्यात भीमा गुडघ्याएवढी झाली की नाव काठावर ओढून घेत आणि पाऊस लागण्यापूर्वी तिच्या फळ्यांना जवसाचे तेल पाजत. नावाडी आप्पा हे काम चिंधीने करत. आठ दिवस लागत.

त्या वर्षी मुख्याध्यापकांनी ठरवले की नाव शाळेच्या मुलांची, तर तेलही शाळेने द्यावे. आणि मी म्हणाले की शाळेत शेती विषयासाठी पितळी फवारणी पंप आहे, त्याने हे काम दोन दिवसांत होईल. मला आठवते, हे सांगताना मी फळ्यांचे क्षेत्रफळही काढून नेले होते.

पंप शिवराममामांच्या ताब्यात असे. मामा शाळेचे शिपाई, आणि प्रयोगशाळाही तेच सांभाळत. सात वर्षे हंगामी. त्या जूनमध्ये संस्थेच्या समितीपुढे त्यांना कायम करण्याचा ठराव यायचा होता. ही गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवा. मीही ठेवली होती — म्हणून तर माझा दोष अजाणतेपणाचा ठरत नाही.

मामांनी पंप कसा लावला, ते मला आजही टप्प्याटप्प्याने सांगता येईल. आधी नुसते पाणी भरून दट्ट्या मारून पाहिला — कुठे गळते का. मग तेल, त्यात टर्पेंटाइन, आणि फळ्यांना तांबूस रंग यावा म्हणून काव. हे मिश्रण जुन्या धोतराच्या फडक्यातून तीन वेळा गाळले, कारण कावेचा एक खडा तोटी बंद करतो. टाकी दोन तृतीयांशच भरली.

“वरपतूर भरायची न्हाई, बाई. हवंला बी बसायला जागा पायजे.”

दाबाचा नियम मी वर्गात अर्धा तास शिकवत असे. इतक्या थोडक्यात मला तो कधी सांगता आला नाही.

पंपाचा जीव मात्र आतल्या चामड्याच्या वाटीत. दट्ट्याच्या टोकाला ही वाटी असते. ती मऊ आणि फुगलेली असेल तरच हवा दाबली जाते. मामा तिला वायसर म्हणत. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून चामडे आणून ती त्यांनी स्वतः कापली होती आणि काम झाले की तिला एरंडेल लावत.

पहिल्या सकाळी अर्धी नाव झाली. काय सुरेख झाली होती! फळ्या ओल्या विटेसारख्या दिसत होत्या आणि साऱ्या काठावर जवसाचा वास. आप्पा बाभळीखाली बसून सगळे पाहत होते.

“बाई, आमचा बाप फळीला हातानं तेल पाजायचा, लेकराला पाजावं तसं. तुमचा पंप नुसता थुकतोय की.”

“थुकू द्या की आप्पा,” मामा म्हणाले. “तुमीबी दिसभर तंबाखू थुकता, त्यानं कवा फळी रंगली?”

आप्पा खोकला येईपर्यंत हसले. इतके निर्भर हसू मी त्यानंतर कुठल्या कामावर ऐकलेले नाही. मामांनी घरून आणलेल्या भाकरीतली अर्धी आप्पांना दिली. आप्पांनी ती क्षणभर हातात धरली, आणि खाल्ली. मामा बौद्धवस्तीतले. त्या गावात ती अर्धी भाकरी साधी गोष्ट नव्हती, आणि तरीही त्या दुपारी ती साधी वाटली.

दुपारनंतर मामांना निमोण्याला भाचीच्या सोयरिकीसाठी जायचे होते. जाताना त्यांनी रॉकेलची बाटली माझ्यापुढे ठेवली. “वारं सोडून मगच झाकान खोला. रॉकेलनं दोनदा धुवा, बाई. दुसरं कायबी नगं. मी सकाळी येतो.”

दुसरं काहीही नको. किती स्पष्ट सूचना होती ती, नाही का?

पण दहावीला मी शिकवत असे की तेल आणि अल्कली यांपासून साबण होतो. मग तेलकट पंपाला रॉकेल कशाला? धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून मी पंप भरला. परिणाम डोळ्यांदेखत दिसला — पितळ झळाळले, तेलाचा थर सुटून फेसाळ पाणी बाहेर आले. सात वर्षे जे रॉकेलने चालले होते ते मी एका समीकरणाने सुधारले होते! तेवढ्यावर थांबले असते तरी कदाचित निभावले असते. पण कानाकोपऱ्यातले तेलही सुटावे म्हणून मी दट्ट्याच्या नळीत सोड्याचे पाणी रात्रभर राहू दिले. तेलाचा विचार केला. चामड्याचा केला नाही.

सकाळी मी पोहोचेपर्यंत मामांनी टाकी उपडी करून तेल भरलेही होते. मी त्यांना सोड्याविषयी काही सांगितले नाही. सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नाही. पहिल्या फवाऱ्यात पांढरट, दह्यासारखे काहीतरी फळ्यांवर पडले. नळीत राहिलेल्या सोड्याने तेलाचा साबण केला होता. मग दट्ट्या सैल पडला, दाब गेला, तेल उलटे वर येऊन मामांच्या सदऱ्यावर सांडले. त्यांनी दट्ट्या बाहेर ओढला. वाटी बुळबुळीत होऊन फाटली होती. त्यांनी ती नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिले. एकदाच.

अर्ध्या नावेवर चिकट, डागाळलेला थर राहिला. तो वाळेना, आणि पाणी लागले की साबणासारखा निसरडा होई. अशा फळ्यांवर मुले उभी करणार कशी?

मुख्याध्यापक समितीतल्या दोघांना घेऊन काठावर आले. त्यांनी विचारले, “पंप कोणी धुतला?”

त्याच आठवड्यात ते पुण्यातल्या एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी माझे शिफारसपत्र लिहिणार होते. मामा माझ्याकडे पाहत नव्हते; नदीकडे पाहत होते. मला वाटते, मला बोलायला जागा मिळावी म्हणून.

मी म्हणाले, “सर, पंपाची देखभाल मामांकडे असते.”

या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता. शास्त्र शिकलेल्या माणसाचे खोटे असे असते — निवडलेल्या सत्यांतून रचलेले. समितीतला एक जण म्हणाला, “यांच्या हातात पितळेची वस्तू द्यायचीच कशाला?” ‘यांच्या’ म्हणजे कोणाच्या, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मलाही होते. माझे वाक्य इतक्या सहज का स्वीकारले गेले, हेही ठाऊक होते. मामांनी एवढेच म्हटले, “मी करतो सर, फळी साफ.”

आठ दिवस त्यांनी आणि आप्पांनी त्या फळ्या खरवडल्या आणि चिंधीने तेल पाजले. मी त्यातले चार दिवस पुण्यात मुलाखतीला होते. जूनमध्ये ठराव समितीपुढे आलाच नाही. माझे पत्र मात्र वेळेवर आले. त्यात लिहिले होते की जबाबदारीची जाणीव हा माझा विशेष गुण आहे.

शाळा सोडून निघाले त्या दिवशी मामा माझी ट्रंक घेऊन नावेवर आले. नदीला नवे पाणी होते. फळ्या तांबूस, कोरड्या, पायाला घट्ट लागणाऱ्या. अलीकडे उतरल्यावर त्यांनी ट्रंक एस.टी.च्या थांब्यावर ठेवली आणि खिशातून नवी कापलेली चामड्याची वाटी काढून मला दाखवली. तिला एरंडेल लावलेले होते.

“नवं वायसर केलं, बाई. सोड्यानं कातडं मरतं. तेवढं ध्यानात ठिवा. तुमी आता मोठ्या प्रयोगशाळेत जानार.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी काही बोलले असते का? माहीत नाही. मी “बरं, मामा” म्हणाले. एवढेच. एस.टी. आली आणि मी चढले.

पुढच्या वर्षीही त्यांना कायम केले नाही, हे मला आप्पांकडून कळले. त्याच्या पुढचे मी विचारलेले नाही. आज माझ्या प्रयोगशाळेत प्रत्येक उपकरणाशेजारी वही आहे. ते कोणी वापरले, कोणी धुतले, हे सही करून लिहावे लागते. हा नियम मीच घातला. सहकारी त्याला शिस्त म्हणतात, आणि मी त्यांना तसे म्हणू देते.

शिवराममामांनी त्या दिवशी पंप धुतला नव्हता. ते निमोण्याला होते. पंप मी धुतला.