आठव्या पानावरची सही

इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या टॉर्डॉफ बाइंडरीत ग्लेंडा ऑक्रॉइड सोळाव्या वर्षी दाभण हातात घेऊन बसली, ती एकसष्टी उलटली तरी उठली नव्हती. मध्ये लग्न झालं, नवरा गेला, गुडघे गेले, पण शिवणटेबलाची खिडकीकडची जागा काही तिनं सोडली नाही. तिच्या आधी त्याच जागेवर तिची आई विनिफ्रेड बसायची. चर्चच्या नोंदवह्या, शाळांची प्रार्थनापुस्तकं, वकिलांचे जाडजूड ग्रंथ असं काय काय ह्या मायलेकींच्या बोटांखालून गेलं, आणि त्यातलं एकही पुस्तक दोघींपैकी कुणी वाचलं नाही. "वाचणाऱ्यांनी वाचावं, आपण शिवावं," असं ग्लेंडा म्हणायची.

स्वभावानं बाई तिखट होती. चहाचं टेबल तिचं, त्याभोवतीची पाच स्टुलं तिच्या माणसांची. कुठल्या स्टुलावर कोण बसणार हे ठरलेलं असे, आणि ते बदलण्याची मालकाचीही छाती नव्हती. मालक ज्युलियन टॉर्डॉफला तिनं लहानपणी चड्डीत पाहिलेलं होतं, त्यामुळे साहेबबिहेब म्हणायचा प्रश्नच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी ज्युलियननं घानाहून एफुआ क्वांसाला आणलं. हॅलिफॅक्सची पोरं दाभणाला हात लावायला तयार नव्हती, आणि एफुआ केप कोस्टच्या मिशन छापखान्यात बारा वर्षं जुजबंदी, म्हणजे पुस्तकांची हातशिलाई, केलेली. सोबत नऊ वर्षांची मुलगी. पहिल्या दिवशी ग्लेंडानं तिला एक फाटकं प्रार्थनापुस्तक दिलं आणि म्हणाली, "बघू काय येतं तुला." संध्याकाळी ते पुस्तक परत आलं तेव्हा ग्लेंडानं ते उलटंपालटं केलं, कणा दाबून पाहिला, आणि "ठीक आहे" एवढंच म्हणाली. खरं तर तसं शिवलेलं पुस्तक तिनं आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. पण हे तोंडानं कबूल करणारी ती ग्लेंडा कसली!

"थँक यू, आंटी ग्लेंडा," एफुआ म्हणाली. तिच्याकडे वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत.

"मी कुणाची आंटीबिंटी नाही हं," ग्लेंडा फणकारली. शेजारी शिवणारी बेव्हर्ली खुदकन हसली.

बिघडलं ते पगारावरून. सरकारनं किमान वेतन दोन तऱ्हेचं ठरवलेलं. इथल्या माणसाला एक, आणि व्हिसावर आणलेल्या माणसाला त्याहून बरंच वरचं. बाहेरून स्वस्तात माणसं आणून मालकांनी इथल्यांच्या पोटावर पाय देऊ नये, हा हेतू. हेतू चांगलाच होता, पण चांगल्या हेतूचा पाय नेमका गरिबाच्या अंगठ्यावर पडतो. पंचेचाळीस वर्षं दाभण चालवलेल्या ग्लेंडाला मिळत होतं इथलं किमान आणि वर थोडे पेन्स. कालच्या आलेल्या एफुआला कायद्यानंच तिच्याहून जास्त द्यावं लागत होतं. हे ज्युलियननंच एकदा कुरकुरताना बोलून टाकलं.

"म्हणजे मी इथलीच आहे म्हणून स्वस्त?" ग्लेंडानं विचारलं.

"नियम मी केलेत का, ग्लेंडा?"

"नियम तू केले नाहीस. पण मला वाढवून द्यायला कुठल्या नियमानं तुझा हात धरलाय?"

आता राग काढायला हवा होता ज्युलियनवर, पण तो वरच्या मजल्यावर बसायचा आणि एफुआ हाताशी होती. वड्याचं तेल वांग्यावर निघायला लागलं. कुणी वाईट बोललं नाही, फक्त बोलेनासं झालं. चहाच्या टेबलाशी सहावं स्टूल आलं नाही. एफुआ आपल्या जागेवरच डबा उघडायची, भात आणि ती काळी झणझणीत मिरचीची चटणी. बेव्हर्ली नाकाला रुमाल लावून म्हणायची, "आपल्याहून जास्त पगार, आणि जेवते बघ काय!"

नाताळ सरला आणि जानेवारीत काम आटलं. टॉर्डॉफ बाइंडरीत मंदीची एक रीत होती, आणि ती विनिफ्रेडनं घातलेली. चौऱ्याहत्तर साली काम आटलं तेव्हा जुना मालक म्हणाला, शेवटी आलेली पहिली घरी. शेवटी आलेली होती एक पोटुशी पोरगी. विनिफ्रेडनं एक कोरी वही शिवली, मालकापुढे ठेवली आणि सांगितलं, एकीला काढायचं नाही, शुक्रवारी आम्ही सगळ्याच घरी बसतो, सगळ्यांचाच पगार कापा. वहीत पहिली सही तिची. तेव्हापासून मंदी आली की वही निघायची. मंदीला एक पान, आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या. पन्नास वर्षांत सात पानं भरली होती. सही चुकवलेली बाई अजून टॉर्डॉफमध्ये झाली नव्हती.

आठव्या पानावर ग्लेंडानं तारीख घातली, सही केली, वही फिरवली. चौघींच्या सह्या झाल्या. वही एफुआपुढे आली तेव्हा तिनं पेन उचललं नाही.

"आंटी, एकदा ऑफिसला विचारू का? माझ्या पगाराचं..."

"तुझ्या पगाराचं आम्हाला सगळं ठाऊक आहे!" बेव्हर्ली म्हणाली.

ग्लेंडानं पेन उचलून तिच्या हातात दिलं. "हे बघ, इथं मंदीत कुणी विचारत बसत नाही. आपल्यातली असशील तर सही कर. नसशील तर तसं सांग."

एफुआनं वही जवळ ओढली, आणि सही केली. सुंदर, वळणदार, मिशनच्या शाळेतली सही.

आठ शुक्रवार बाइंडरी बंद राहिली. मार्चमध्ये काम आलं, वही कपाटात गेली, आणि सगळं विसरलं गेलं. सहावं स्टूल तेव्हाही आलं नाही.

जूनमध्ये व्हिसाच्या खात्याचं पत्र आलं. एफुआचा पगार दोन महिने नेमल्या आकड्याच्या खाली गेला होता. आजारपण, बाळंतपण असल्या कारणांना सूट होती. मंदीत सगळ्यांबरोबर घरी बसलं, ह्याला नव्हती. इथल्या बायकांचा पगार तासांवर, त्या पाहिजे तेवढ्या घरी बसोत. एफुआचा पगार तासांवर नव्हता, त्याच्यावर तिचं ह्या देशातलं राहणं टांगलेलं होतं. मंगळवारी तपासनीस येणार होता.

सोमवारी दुपारी ज्युलियननं ग्लेंडाला वर बोलावलं. वही त्याच्या टेबलावर होती.

"हे पान काढून दे," तो म्हणाला. "नुसतं फाडलं तर कळेल. तुझ्याइतक्या सफाईनं यॉर्कशरमध्ये कुणाला जमायचं नाही."

"पान कशाला काढायचं?"

"पान असलं तर दिवस कंपनीनं कापले असं दिसतं. मग परदेशी माणसं आणायचा आपला परवाना जातो. पान नसलं तर तिनं स्वतःहून सुट्ट्या घेतल्या, आम्ही माणुसकीनं दिल्या."

"आणि तिचं काय?"

ज्युलियननं खिडकीबाहेर पाहिलं. "तिचं असंही जाणारच आहे, ग्लेंडा. व्हिसा वाचत नाही. निदान बाइंडरी तरी वाचू दे. परवाना नाही तर उद्या शिवणार कोण? तुझे गुडघे?"

"व्हिसा गेला तर लगेच हाकलतात?"

"साठ दिवस देतात. तेवढ्यात दुसरा मालक मिळाला तर राहील. पण नियम आपणहून मोडलेल्या बाईला कोण घेतंय?"

म्हणजे एवढंच होतं. पान राहिलं तर एफुआला साठ दिवसांची एक फट, आणि पान गेलं तर तीही बंद. ग्लेंडा वही घेऊन खाली आली. एफुआ मान खाली घालून शिवत होती. तिला पत्र दाखवलेलं होतं. पानाचं कुणी सांगितलं नव्हतं.

ग्लेंडानं वही उघडून धारदार सुरी काढली. सुटं पान असं पुस्तकात नसतंच, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मोठा कागद मधोमध दुमडायचा, असे चार कागद एकात एक घालायचे, की झाला आठ पानांचा फर्मा. मग घडीत दोरा. पहिलं पान आणि आठवं पान एकाच कागदाची दोन टोकं. तिनं आठव्या पानाखाली बोट घातलं, आणि पलीकडे पहिलं पान हललं. चौऱ्याहत्तर साल. विनिफ्रेड ऑक्रॉइड. खाली त्या पोटुश्या पोरीचं नाव, शाई फिकी झालेली.

आठवं काढलं तर पहिलं सुटणार होतं. ते परत चिकटवता आलं असतं, खळीची पातळ रेघ ओढून, कुणाला कळलंही नसतं. ग्लेंडाला ते अगदी उत्तम जमलं असतं, म्हणूनच तर तिला लाज वाटली. आईनं ही वही नव्या पोरीला वाचवायला शिवली होती. आणि आपण त्याच वहीनं एका नव्या पोरीला खड्ड्यात ओढलं, का, तर तिचा पगार आपल्याहून चार पैसे जास्त. तिला धडा शिकवायचा होता आपल्याला, दुसरं काय! ग्लेंडानं सुरी खणात टाकली आणि खण लावून घेतला.

मंगळवारी तपासनीस आला. तरुण, सभ्य, चहा नको म्हणणारा. ज्युलियन कागद मांडत असताना ग्लेंडा न बोलावता वर गेली आणि वही तपासनिसापुढे ठेवून आठवं पान उघडलं.

"ही एफुआची सही," ती म्हणाली. "तिनं सुट्टी मागितली नव्हती. मी पेन हातात दिलं. ती विचारते म्हणत होती, मी विचारू दिलं नाही."

"नियम तिला ठाऊक होता का?" तपासनिसानं विचारलं.

"नाही. तिला काय ठाऊक असणार? तिला मी फसवलं असं लिहा हवं तर."

त्यानंतर ज्युलियन ग्लेंडाशी कधीच नीट बोलला नाही. वही तपासनिसानं पावती देऊन नेली. महिन्याभरात निकाल आला: परवाना रद्द, एफुआला साठ दिवस, आणि कागदावर स्पष्ट लिहिलेलं की तिचा दोष नाही. दक्षिणेकडच्या एका बाइंडरीनं तिला भेटायला बोलावलं होतं. घेतीलच असं काही सांगितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एफुआ आपली जागा आवरत होती. कागद दुमडायची हाडाची पट्टी, मेणाचा गोळा, दोन सुया एका फडक्यात गुंडाळल्या. ग्लेंडा तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. माफी मागायची तिला सवय नव्हती, त्यामुळे शब्द कसे लावायचे तेच कळेना.

"माझ्यामुळे झालं हे," ती म्हणाली. "तुला बिचारीला काय माहीत!"

एफुआनं फडक्याला गाठ मारली. "मला माहीत होतं, आंटी."

"काय माहीत होतं?"

"आकडा. पौंडापर्यंत पाठ आहे मला. आमच्यातल्या प्रत्येकाला असतो. माझ्या मुलीलासुद्धा आहे. आठ शुक्रवार गेले की मी त्याच्या खाली जाते, हा हिशोब पेन हातात आलं तेव्हाच झाला होता माझा."

"अगं, मग सही कशाला केलीस, पोरी? मुलगी आहे ना पदरात! मला तोंडावर सांगायचं होतंस, नाही करत म्हणून!"

"तुम्ही म्हणालात, आपल्यातली असशील तर कर." एफुआनं फडकं पिशवीत ठेवलं. "दोन वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदाच विचारलं होतंत. वाटलं, पुन्हा नाही विचारणार."

चहाच्या टेबलाशी बेव्हर्लीनं आणि बाकीच्यांनी सगळं ऐकलं होतं. ग्लेंडानं कोपऱ्यातलं एक धूळ बसलेलं स्टूल उचललं, ॲप्रननं पुसलं आणि टेबलाशी आणून आपल्या स्टुलाशेजारी ठेवलं. मग ती स्वतः एफुआचा डबा घेऊन आली.

"बस," ती म्हणाली.

जेवणाची सुट्टी संपायला अकरा मिनिटं उरली होती. एफुआ बसली.