आईकडून की बाबांकडून

सलूनवाले काका गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवता फिरवता त्याच्या घरादाराची सगळी चौकशी करायचे. स्वतःच्या घरातलं मात्र आपल्याला सगळं ठाऊक आहे, अशी त्यांची पक्की समजूत. आईबाबांचे ते एकुलते एक. बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली. आई दुकानाच्या वरच्या मजल्यावर, कानाने कमी पण जिभेने ठणठणीत.

मुलीने हौसेने डीएनए चाचणीचा संच मागवला. काका नळीत थुंकले आणि विसरून गेले. अहवाल आला, तशी मुलगी जिन्यातूनच ओरडली, "बाबा, तुम्हाला सावत्र बहीण आहे!"

जनावरांची डॉक्टर, काकांहून वयाने मोठी. लहानपणीच दत्तक गेलेली. जन्मदात्यांच्या शोधात तिनेही चाचणी केली होती.

काकांचा संशय थेट बाबांवर. फिरतीचे विक्रेते, आज इथे तर उद्या तिथे! फोटोपुढे उभे राहून काका म्हणाले, "दिसायला अगदी साधेभोळे होतात हो!"

"कशावरून आजोबाच?" मुलगी म्हणाली. "नातं आजीकडूनही असेल."

"तोंड सांभाळ."

"बरं, मग तपासा. तुमच्या मामेभावाचीही चाचणी करा. तो तिच्याशी जुळला, तर ती आजीची."

मामेभाऊ टायरच्या दुकानात पोट धरून हसला, पण थुंकला बापडा. निकाल येईपर्यंत काकांना चैन पडेना. मोबाइलवर डॉक्टरीणबाईंचा फोटो उघडायचे आणि आरशात स्वतःचे कान ताडून बघायचे. त्या नादात एका गिऱ्हाइकाचा कल्ला अर्धा उडाला.

मामेभाऊ जुळला. काका मटकन गिऱ्हाइकाच्याच खुर्चीत बसले.

आता आईला विचारायचं कसं? हळू बोललं तर तिला ऐकू येत नाही, आणि असला प्रश्न ओरडून विचारावा, तर शेजारपाजारच्या खिडक्या उघड्या. शेवटी त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. भाजी निवडणारे हात थांबले. आई कितीतरी वेळ बघत राहिली.

"हिला चष्मा कधी लागला?" तिने विचारलं.

काकांनी आधी उठून खिडकी लावून घेतली.

"लग्नाआधीच मी तुझ्या बाबांना सगळं सांगितलं होतं," आई म्हणाली. "फिरतीवर जातील तिथे चौकशी करायचे बिचारे. दरवेळी हात हलवत परत यायचे."

काकांनी बाबांच्या फोटोकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सुट्टीच्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. मुलीने दारातच "या, आत्या" म्हणून टाकलं, आणि त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं.

"जवळ बस, आणि मोठ्याने बोल," आई म्हणाली. "कुणी वाढवलं तुला? मायेने वाढवलं ना?"

"खूप मायेने." त्या सांगत गेल्या, आई मान डोलवत ऐकत राहिली. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही माझं नाव काय ठेवलं होतं?"

आईने त्यांना जवळ ओढलं आणि कानात सांगितलं. काका पुढे झुकले, पण त्यांना काही ऐकू आलं नाही.