पाणी जातं

लेकीचं बाळ बसायला लागलं तरी मी दोडामार्गला गेले नव्हते. मालवणातून दोडामार्ग म्हणजे काही काळं पाणी नाही. पण एसटीत बसायची हिंमत होत नव्हती. शिंक आली, गाडी खड्ड्यात आपटली, की साडी ओली. लेकीला सांगायचे, गुडघे दुखतात. ती म्हणायची, "माका म्हायत आसा, तुका येवचाच नाय." फोन ठेवून मी रडायचे, आणि मग ह्यांच्यावर खेकसायचे, समोर असायचे म्हणून.

तहान मारली, जुन्या साडीच्या घड्या लावल्या, हसू आलं की पाय आवळले. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. आता आम्ही माणसं घरात कितीही तोंडाळ असू, दवाखान्याची पायरी चढली की पुस्तकातलं मराठी सुरू. पदर सावरून म्हटलं, "मॅडम, पाणी जातं." काय माझी सभ्यता! बाईंनी अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या पाण्याच्या गोळ्या दिल्या. त्यांचा काय दोष? बायका 'पाणी जातं' म्हणतात ते त्यालाच. गोळ्या संपल्या, गळणं तसंच. पुन्हा गेले, पुन्हा तेच बोलले, पुन्हा त्याच गोळ्या.

पुढच्या खेपेला हे सोबत आले. एरवी बाहेर बसणारा माणूस, पण वैतागून आत शिरले. "ओ डाक्टर, पाणी खंयचा? शिंक इली की हिचा मूत गळता! आणि माजापण गळता, प्रोस्टेटच्या ऑपरेशनापासून."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. पण दुसरं वाक्य ऐकून मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणजे एका छपराखाली हे आपली चड्डी गुपचूप पिळत होते आणि मी माझे कपडे! बंदरावर गप्पांना जाणं ह्यांनी उन्हामुळे सोडलं, असं मी समजत होते. फार वाईट वाटलं.

बाई हसल्या नाहीत. दोघांनाही तपासून म्हणाल्या, लघवी अडवताना जे स्नायू आवळतात ते रोज आवळायचे, धरायचे, सोडायचे. धीर धरा, पाणी पिणं तोडू नका, नाही जमलं तर पुढचे उपचार आहेत. तेव्हापासून आम्ही दारापुढच्या खळ्यात खुर्च्या टाकून बसतो. हे विचारतात, "धरलंस काय गो?" मी म्हणते, "गप रवा, हसू येता." गळणं कमी झालंय, थांबलेलं नाही.

परवा लेकीचा फोन आला. "काय म्हणतत गुडघे?" तिनं तिरकस विचारलं. मी म्हटलं, "गुडघे बरे आसत. माजा मूत गळता, म्हणान येवक नाय मी."

पलीकडे नुसतं बाळाचं रडणं. वाटलं, किळस आली पोरीला. मग बारीक आवाजात ती म्हणाली, "आये, माजापण गळता. बाळंतपणापासून. माका वाटला, माजाच."

"उद्याच येतंय," मी म्हटलं. "आणि दवाखान्यात मी बोलतंय, तू गप रव."